कायची भाजी होती?

आमच्या साहेबांना "कसे आहात?" असं विचारलेलं चालत नसे. कोणी विचारलंच तर ते जागच्या जागी थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "कोन्या भागाचं सांगू?" विचारणारा बिचारा सवयीने बोलून गेलेला असायचा. त्याला साहेबांच्या कुठल्याच भागाची माहिती नको असायची. तो हसून सटकला की साहेब माझ्याकडे वळायचे, "पायलं? त्याले उत्तर पायजेच नोतं," एवढं म्हणायचे आणि कामाला लागायचे.

मी त्यांच्या हाताखाली दीड वर्ष होते. आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं. मुख्य इमारत अमरावतीत, एक शाखा अकोल्यात, शिवाय पातूर आणि वलगावला एकेक लहान तपासणी केंद्र. साहेब संगणक विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे ते, मी आणि अकोल्याला बसणारा गजानन. आमच्या भागात एका वर्गात तीन-तीन गजानन सापडतात, त्यामुळे हा अमुकच असं कोणी धरून चालू नये. साहेबांचं निवृत्तीचं वय उलटलेलं, म्हणून ते वर्षावर्षाच्या करारावर होते. मी दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. पक्का म्हणाल तर एकटा गजानन.

पहिल्या दिवशी मी वलगावहून बस पकडून धापा टाकत पोचले तेव्हा साहेब डबा उघडून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जेवली का?"

मी म्हटलं, "हो."

"कायची भाजी होती?"

आता खरं सांगायचं तर मी सकाळपासून चहावर होते. माझे बाबा भाजीवाले. आमच्या वावरात गिलकी, वांगी, पालक, चवळी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे म्हणाल ते. जन्मापासून भाज्यांच्या जुड्या बांधत आलेली मी, आणि त्या क्षणी मला एका भाजीचं नाव आठवेना. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग अर्धी भाकरी मोडून डब्याच्या झाकणावर ठेवली, तिच्यावर अंबाडीची भाजी घातली आणि झाकण माझ्याकडे सरकवलं.

"खऱ्याले येळ लागत नाई," ते म्हणाले. "'हो' तर कोनीबी म्हनते."

माझी मुलाखत आधी रीतसर झाली होती, त्यात मला पस्तीस प्रश्न विचारले होते. पण मला कामावर घेतलं ते त्या झाकणावर, असं मी समजते.

आमचं काम काय, हे बाहेरच्याला सांगणं अवघड नाही. हॉस्पिटलातले सगळे एक्स-रे, स्कॅन, रिपोर्ट अमरावतीच्या एका मोठ्या मशीनमध्ये साठतात. त्यांची एक प्रत रोज अकोल्याच्या शाखेतल्या पेटीत जाते, जशी आपण घराची दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो तशी. पेटी म्हणजे दिसायला फ्रिजसारखं कपाट, आत नुसत्या डिस्क; पातूर आणि वलगावला अशाच, पण लहान. बॅकअप म्हणतात तो हाच. आता शेजाऱ्याकडे किल्ली आहे ना, हे अधूनमधून पाहावं लागतं. त्यासाठी ट्रस्टने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते सगळ्या पेट्यांना फिरून विचारायचं: किती भरलीस, किती तापलीस, आजची प्रत पोचली का. कोणाला विचारायचं, काय विचारायचं, किती वेळाने विचारायचं आणि उत्तर नाहीच आलं तर काय समजायचं, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. या लिहून दिलेल्याला सॉफ्टवेअर 'पॉलिसी' म्हणतं.

या शब्दाने सुरुवातीलाच घोळ घातला होता म्हणे. साहेबांनी प्रशासकांकडे अर्ज केला होता की अकोल्याच्या पेटीची पॉलिसी बदलायची आहे, परवानगी मिळावी. अर्ज चार दिवसांनी परत आला, त्यावर शेरा होता, 'विमा प्रतिनिधीस भेटावे.' साहेबांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि त्या दिवसापासून पॉलिसीला 'विचारपूस' म्हणायला लागले. सॉफ्टवेअरमध्येही तीच नावं घातली. सकाळची विचारपूस, दुपारची विचारपूस, पातूरची विचारपूस. पुण्याहून सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस तपासणीला आला तेव्हा पडद्यावर ही नावं वाचून तो जरा वेळ स्वतःचंच आयकार्ड चाचपत बसला.

हा पुण्याचा माणूस फार सभ्य होता. कारखान्यातून जशी पॉलिसी येते तशीच ठेवा, असं त्याचं म्हणणं होतं. तीत दर पाच मिनिटांनी प्रत्येक पेटीला सगळेच्या सगळे प्रश्न होते. साहेबांनी "बरं" म्हटलं आणि आठवडाभर तसंच चालू दिलं. आठवड्यात पेट्या हळू झाल्या. प्रत घेता घेता प्रत्येकीला मध्येच हात धुऊन हजेरी द्यायला यावं लागत होतं. पुन्हा फोन लागला तेव्हा साहेबांनी त्या माणसाला शांतपणे समजावलं, "हे पाहा भाऊ, घरी पावना आला अन् दर पाच मिन्टाले त्याले इचारलं, भूक लागली का, भूक लागली का, तर तो थांबन का निंगून जाईन? अन् जेवत असला तं इचारूच नाई."  नंतर त्याच्या नोंदीत आम्हाला वाचायला मिळालं, 'ग्राहकास अंतर वाढवून हवे.'

तेव्हापासून आमच्याकडे प्रत चालू असताना पेटीला कोणी विचारत नाही. जेवणानंतर एकदा आणि मध्ये दोनदा. एवढं पुरतं.

प्रशासकांनाही हा नियम एकदा लागू झाला. ते नागपूरहून नवीन आलेले, हुशार, टापटिपीचे गृहस्थ. प्रत्येक विभागाने दर तासाला कामाचा अहवाल द्यावा असं त्यांनी फर्मान काढलं. साहेबांचा पहिला अहवाल गेला: 'पहिला तास: अहवाल लिहिला.' दुसरा: 'दुसरा तास: पहिल्या तासाचा अहवाल पोचवला. प्रशासक जागेवर नव्हते, थांबलो.' तिसऱ्या दिवशी फर्मान मागे घेतलं गेलं. अहवाल मात्र साहेबांनी आणखी दोन दिवस पाठवले, सवय एकदम तुटू नये म्हणून.

त्यांच्या टेबलावर लाल कापडी पाठीचं एक लांबट रजिस्टर असायचं. सॉफ्टवेअर सगळं लिहून ठेवत असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी ते माझ्यापुढे उघडं केलं. रोजच्या तारखेला तीन रकाने होते: विचारलं, सांगितलं, पाहिलं. पहिले दोन सॉफ्टवेअर भरतं, तिसरा त्याला येत नाही, असं ते म्हणाले. तिसऱ्यासाठी ते रोज अकोल्याच्या पेटीतून कुठलाही एक एक्स-रे परत मागवायचे आणि उघडून पाहायचे. कोणाचा तरी गुडघा पडद्यावर यायचा. साहेब तो नीट, तोंडाने चकचक करत पाहायचे. "दुखत असन," म्हणायचे आणि तिसऱ्या रकान्यात लिहायचे, 'गुडघा, उजवा.' पानंच्या पानं अशी भरलेली होती. खांदा. कवळी. लहान मुलाचा हात. एकदा नुसतं, 'नाणं गिळलं आहे.'

आणि रोज सकाळी दहाला अकोल्याला फोन. तोही ठरलेला.

"गजानन, पेटी जेवली का?"

"जेवली साहेब."

"कायची भाजी होती?"

याचा अर्थ असा की, काल शेवटची फाइल कुठली आली, तिचं नाव आणि आकार वाचून दाखव. 'जेवली' हे गजाननला खुर्चीत बसून सांगता यायचं. भाजी सांगायची तर उठून, जिना उतरून, जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढून पेटीसमोर उभं राहावं लागायचं. तो जायचा. जाताना बडबडायचा तेही फोनवर ऐकू यायचं, पण जायचा.

त्याच खोलीत कांदा होता. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे सांगून पटणार नाही, पण एप्रिल लागला की आमच्याकडे शहाणीसुरती माणसं खिशात कांदा घेऊन फिरतात, ऊन लागू नये म्हणून. साहेबांच्या शर्टाच्या खिशात असायचाच. दर शनिवारी एक ताजा कांदा अकोल्याच्या पेटीवरही ठेवायचा, असा त्यांचा गजाननला हुकूम होता. एसी आहे की, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "एसीवर भरोसा हाये. कांद्यावर जरा जास्त हाये." मला तेव्हा वाटलं होतं की पिकलं पान आहे, थोडं इकडेतिकडे हलणारच.

आता राखाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरूनच झालं.

प्रशासकांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. त्यावर प्रत्येक पेटीचा एक चौकोन. ठीक असेल तर हिरवा, बिघडली असेल तर लाल. साहेबांनी विचारपूस लिहिताना तिसरा रंग घातला होता: दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर राखाडी. म्हणजे माहीत नाही. पातूरला, वलगावला लाइन गेली की तिथले चौकोन राखाडी व्हायचे आणि प्रशासकांचा जीव वरखाली व्हायचा. राखाडी म्हणजे चांगलं की वाईट, असं ते विचारायचे. साहेब म्हणायचे, ठाऊक नाही. मग ते दाखवायचं कशाला, असा प्रशासकांचा सवाल असायचा. "'मालूम नाई' हेबी उत्तरच हाये," असं साहेब एकदा बोलून गेले, आणि त्या दिवसापासून दोघांचं नमस्कारापुरतंच उरलं.

मार्चअखेरीस साहेबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आठ दिवसांत येतो म्हणाले, पण डोळ्यात काही बिघडलं आणि रजा महिन्यावर गेली. माझ्या खात्यातून विचारपूस बदलता येत नसे, म्हणून जाताना त्यांनी आपल्या नावाचा पासवर्ड मला चिठ्ठीवर लिहून दिला. खाली एक ओळ होती: 'रोज दहाला फोन. दुसरा प्रश्न विसरायचा नाही.'

मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये नीट ठेवली. फोनही रोज केला. "सगळं बरं ना?" असं विचारायचे. गजानन म्हणायचा, "बरं हाये ताई." दुसरा प्रश्न मात्र माझ्या तोंडून निघेना. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, लग्न झालेल्या माणसाला मी रोज फोन करून भाजी कसली होती ते विचारायचं? शेजारी लेखा विभागातल्या बायका कान लावून बसलेल्या. लाज वाटली मला, दुसरं काही नाही. रजिस्टरमध्ये तिसऱ्या रकान्यात पहिले चार दिवस मी खरंच एक्स-रे पाहून लिहिलं. पाचव्या दिवसापासून न पाहता 'ठीक' लिहायला लागले.

एप्रिलमध्ये ट्रस्टला देणगी देणारे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी प्रशासकांचा मला फोन आला. टीव्हीवर वलगाव आणि पातूर दोन्ही राखाडी दिसत होते. "ते काढून टाका," ते म्हणाले. "लग्नघरात कोणी सुतकाची पाटी लावतं का?" मी साहेबांच्या नावाने आत गेले. तिथे एक साधा पर्याय होता, उत्तर न आल्यास शेवटचं उत्तर दाखवत राहावे. मी त्यावर खूण केली. दोन्ही चौकोन हिरवे झाले. दोन दिवसांनी परत पहिल्यासारखं करायचं, असं मनाशी ठरवलं. पाहुणे आले, टीव्हीपुढे फोटो काढून गेले. आणि मी विसरले.

त्यानंतर दोनच दिवसांनी अकोल्याला जिन्याखालचा एसी बंद पडला. पेटी तापली, आणि शहाणी असल्यामुळे स्वतःच बंद झाली. सॉफ्टवेअर तिला विचारत राहिलं. ती बोलेना, म्हणून तिचं शेवटचं उत्तर दाखवत राहिलं. शेवटचं उत्तर होतं, बरी आहे. गजानन खुर्चीत बसून पडद्यावरचा हिरवा चौकोन पाहायचा. हिरवं दिसत असताना जिना उतरून कुलूप कोण काढतो? प्रत पोचली नाही अशी एक तक्रार मशीन रोज मेलवर पाठवत होतं, ती साहेबांच्या पत्त्यावर. साहेबांच्या डोळ्यावर पट्टी होती.

मग एका दुपारी अमरावतीचं मोठं मशीन उन्हाने बसलं ते बसलंच. उघडून पाहिलं तर आतलं काही वाचण्यासारखं राहिलं नव्हतं. मी घाबरले नाही, हे मुद्दाम सांगते. अकोला हिरवा होता ना. प्रशासकांना मी ठणकावून सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळं परत येईल.

साहेब निरोप मिळताच काळा चष्मा लावून आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. फोन उचलला आणि अकोला लावला.

"गजानन, कायची भाजी होती?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग पावलं, जिना, कुलूप. बऱ्याच वेळाने गजाननचा आवाज आला, अगदी बारीक. "साहेब, कांदा पार सुकला हो."

प्रत एकोणीस दिवसांपूर्वीची होती. आधीचं सगळं अकोल्याहून परत आलं, पण मधले एकोणीस दिवस कुठेच नव्हते. साहेबांनी रजिस्टर मागितलं. पडदा डोळ्यांना सोसत नव्हता, कागद सोसत होता. माझ्या 'ठीक'वरून ते बोट फिरवत गेले. मोजले नाहीत. पान संपल्यावर उलटून पुढच्या पानावरही बोट फिरवलं. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतरचे पंधरा दिवस आम्ही खरीखुरी विचारपूस केली. त्या एकोणीस दिवसांत येऊन गेलेल्या प्रत्येक पेशंटला फोन. एक्स-रेची फिल्म आपल्याकडे पेशंटच्याच हातात देतात, ती परत आणून दिली तर पुन्हा मशीनमध्ये घालता येणार होती. मी विचारायचे, फिल्म आहे का घरी? सगळे म्हणायचे, आहे. आणि कोणी आणायचं नाही. दोन दिवसांनी साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. ते विचारायचे, "फिल्म हाये का?" हो म्हटलं की लगेच, "कोन्या खोलीत हाये?" मग खरं बाहेर यायचं. पातूरच्या एका बाईंनी ती मोरीच्या फुटक्या काचेला लावली होती. वलगावच्या एका आजोबांच्या नातवाने आपली छाती कापून तिचा पतंग केला होता. आजोबांची छाती म्हणायचंय मला. साहेब सगळं ऐकून घ्यायचे, खिडकीसाठी दुसरा पुठ्ठा पाठवतो म्हणायचे, आणि खरंच गजाननबरोबर पाठवायचे. बरंचसं परत मिळालं. जे मिळालं नाही त्या लोकांना पुन्हा बोलावून पुन्हा तपासलं. त्यात एक म्हातारी चार तास एसटीने आली, आणि मी तिची ओटीत धरलेली फाइल घेताना मान वर करू शकले नाही.

मग चौकशी बसली. विचारपूस वेगळी आणि चौकशी वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं.

प्रशासकांच्याच खोलीत बसली. टीव्ही चालू होता. ट्रस्टचे दोन सभासद, प्रशासक, पुण्याचा माणूस पडद्यावर, आणि भिंतीला टेकून मी. पुण्याच्या माणसाने नोंद वाचून दाखवली: राखाडी काढून टाकण्याचा बदल अमुक तारखेला साहेबांच्या नावाने झालेला आहे. त्या तारखेला साहेबांच्या डोळ्यावर पट्टी होती, हे खोलीतल्या निदान तिघांना माहीत होतं. प्रशासकांना आपण फोन केल्याचं आठवत होतं का, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. मला वाटतं, नव्हतं. हुकूम करणाऱ्याच्या लक्षात हुकूम राहत नाही, ऐकणाऱ्याच्या राहतो.

त्यांनी साहेबांना विचारलं, "हा बदल तुम्ही केलात?"

मी तोंड उघडलं होतं. ते मी शपथेवर सांगेन. पण घरात पगार घेऊन येणारी मी पहिली, प्रोबेशनचे सहा महिने उरलेले, आणि बाबांनी भाजीबाजारातल्या एकूण एक आडत्याला पोरगी हॉस्पिटलात साहेब झाली म्हणून सांगितलेलं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

साहेब म्हणाले, "हो."

अजिबात वेळ लागला नाही त्यांना.

मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. पट्टी बांधलेली असताना कसा केला? कुठून केला? कोणत्या बटणाने? एक कोणीतरी काहीतरी विचारेल आणि सगळं उघड होईल असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, तसं झालं तर सुटले असंही वाटत होतं आणि मेले असंही. पण 'हो' मिळाल्यावर सगळ्यांनी कागद गोळा केले. चहा आला. साहेबांचा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे धावले. "साहेब, तो बदल मी..." एवढंच बोलता आलं.

ते म्हणाले, "चावी कोनाची होती? माही. देल्ली कोनं? म्या." खिशातला कांदा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. मग विचारलं, "जेवली का?"

दोन दिवस माझ्या पोटात अन्न नव्हतं. मी म्हटलं, "हो."

त्यांनी भाजी विचारली नाही. जिना उतरून गेले.

साहेब शेंदूरजनाघाटला भावाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेले. मी पक्की झाले, आणि वर्षभरात त्यांच्या खुर्चीत बसले. राखाडी परत आणलं, कोणाला न विचारता. दर शनिवारी गजानन कांदा बदलतो. सकाळी दहाला मी त्याला दोन्ही प्रश्न विचारते, लेखा विभागातल्या बायका आता तोंडावर पदरही घेत नाहीत. रजिस्टर साहेबांनी जाताना माझ्या टेबलावर ठेवलं होतं. त्यात त्यांच्या हातची शेवटची ओळ चौकशीच्या तारखेची होती.

विचारलं: बदल तुम्ही केला का? सांगितलं: हो. पाहिलं: आणि तो रकाना कोरा.

मी पुढची पानं भरत गेले. रोज रजिस्टर उघडताना ते पान मधे यायचं. मी ते टाचणीने मागच्या पानाला टोचून टाकलं.

गेल्या महिन्यात पुन्हा देणगीदार आले. प्रशासकांनी टीव्हीपुढे उभं राहून त्यांना पेट्या दाखवल्या आणि मला समजावून सांगायला बोलावलं. बोलता बोलता एका पाहुण्याने राखाडीबद्दल विचारलं. प्रशासक हसून म्हणाले, "ही मॅडमची कल्पना. आधी एक जुने गृहस्थ होते, त्यांच्या हलगर्जीपणामुळे आमचे एकोणीस दिवस गेले होते." पाहुण्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

पाहुणे जाईपर्यंत मी थांबले. मग टेबलाशी जाऊन टाचणी काढली आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: 'मी पाहिलं. बदल मी केला. राखाडीही त्यांचंच, माझं नाही.' खाली पूर्ण नाव, सही. रजिस्टर नेऊन प्रशासकांपुढे उघडं ठेवलं.

त्यांनी वाचलं. आता हे कशाला, म्हणाले. मग जरा वेळाने, सवय नसलेला माणूस विचारतो तसा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "तुम्हाला करायला कोणी सांगितलं होतं?" मी त्यांना फोनचा दिवस सांगितला आणि सुतकाच्या पाटीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं वाक्य त्यांनी ओळखलं. खुर्चीत मागे टेकून ते टीव्हीकडे पाहत बसले. तिथे त्या वेळी पातूर राखाडी होतं.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. खुलासा सात दिवसांत. तो मी दोनदा वाचला. त्याच्याखाली प्रतींची यादी होती आणि तीत शेंदूरजनाघाटचा पत्ता होता. त्या पत्त्यावर आणखी एक वेगळं पत्र गेलं आहे, प्रशासकांच्या स्वतःच्या सहीचं, असं टपाल विभागातून कळलं. त्यात काय आहे ते मला माहीत नाही.

पत्र पोचायच्या आधी आपणच सांगावं म्हणून मी फोन लावला. मागे कोणीतरी संत्र्याचे क्रेट आपटत होतं. मी म्हटलं, साहेब, तिसरा रकाना भरला. क्रेटचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कटला. मग आवाज आला.

"जेवली का?"

दुपारचे तीन वाजले होते. डबा टेबलावर तसाच होता, आईने सकाळी बांधून दिलेला. कायची भाजी होती तेही मी उघडून पाहिलं नव्हतं.

"नाई," मी म्हटलं.

"मंग जेव आंधी," साहेब म्हणाले, "मी थांबतो."